दावा, मापांची वही आणि जाबदार क्रमांक ३

माझ्या अपघाताच्या नुकसानभरपाईच्या अर्जात जाबदार क्रमांक ३ म्हणून, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध अर्ज आहे त्यांच्यात, माझ्या सख्ख्या दिरांचं नाव आहे. त्यावरून आमच्या घरात जेवढं रामायण झालं, तेवढं अपघातावरूनही झालं नव्हतं.

डिसेंबर २०२२ची गोष्ट. पुण्याहून सांगलीला परत येत होतो. गाडी भाऊजींची, चालवत तेच होते, शेजारी आमचे हे, आणि मी भाऊजींच्या मागच्या सीटवर. कराड यायचं होतं. दुभाजकात जी मोकळी जागा सोडलेली असते, तिच्यातून एक टेम्पो एकदम आडवा घुसला. भाऊजींच्या बरगड्यांना मार बसला, ह्यांच्या कपाळाला टाके पडले. माझ्या उजव्या पायाची नडगी दोन ठिकाणी मोडली आणि घोट्याचा सांधा चुरला. पायात प्लेट आणि स्क्रू बसले. हाडं जुळली, घोटा मात्र पूर्वीसारखा वळला नाही तो नाहीच.

मी घरी ब्लाउज शिवते. हे सांगणं गरजेचं आहे, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं.

दवाखान्यात शुद्ध नीट येते न येते तोच एक माणूस कॉटपाशी येऊन बसला. हातात फाइल, खिशात चार पेनं. "ताई, केस आपल्याकडं द्या, एक रुपया आत्ता द्यायचा नाही, निकालानंतर टक्केवारीवर बघू." गंमत म्हणजे गुन्ह्याचा नंबर त्याला तोंडपाठ होता, आणि आमच्या हातात अजून एफआयआरची प्रतही आलेली नव्हती. त्याने वकीलपत्र पुढे केलं, त्यावर वकिलाचं नावच नव्हतं. ह्यांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. वकिलाने निकालाच्या रकमेत हिस्सा ठरवून फी घेणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही, हे मला नंतर कळलं. तरी सर्रास चालतं. कारण सोपं आहे: अपघात झालेल्या घरात तेव्हा द्यायला पैसेच नसतात.

आम्ही ज्या वकील मॅडमकडे गेलो त्यांनी फी टप्प्याटप्प्याने घ्यायचं ठरवलं. पहिल्या भेटीत पाय किती मोडला ते विचारलंच नाही. विचारलं ते असं: "तुमच्या दिरांच्या गाडीची पॉलिसी पॅकेज आहे की नुसती थर्ड पार्टी?"

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. त्यांनी समजावलं. खासगी मोटारीचा नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर त्या गाडीत बसलेल्या माणसाची जबाबदारी ती कंपनी साधारणपणे घेत नाही. पॅकेज पॉलिसीत, ज्याला आपण फुल इन्शुरन्स म्हणतो, आत बसलेलेही येतात. भाऊजींची पॅकेज होती. मग मॅडमनी कागदावर चार नावं लिहिली. जाबदार १ टेम्पोमालक, जाबदार २ टेम्पोची विमा कंपनी, जाबदार ३ भाऊजी, जाबदार ४ भाऊजींच्या गाडीची विमा कंपनी.

हे म्हणाले, "पण चूक तर टेम्पोची आहे. भाऊंचं नाव कशाला?"

मॅडम म्हणाल्या, "टेम्पोची कंपनी पहिल्याच कैफियतीत, म्हणजे लेखी उत्तरात, म्हणणार की कारवाल्याचीही चूक होती. वहिनी गाडीत नुसत्या बसलेल्या होत्या, त्यांची चूक असायचा प्रश्न नाही. दोन गाड्यांची मिळून चूक असली तरी अशा माणसाला दोघांपैकी कुणाकडूनही पुरी भरपाई मागता येते, सुप्रीम कोर्टाने २०१५ साली हे स्वच्छ सांगितलंय. वाटणी त्यांची त्यांनी करायची. पण दोघंही समोर असलेले बरे. नाहीतर उद्या जे कोर्टात नाहीत त्यांच्यावर बोट दाखवून ही कंपनी वेळ काढत बसेल."

डोक्यात शिरलं. घरात शिरवणं अवघड गेलं.

नोटीस गेली रजिस्टर पोस्टाने, भाऊजींच्या दारात. "आपण जाबदार यांनी निष्काळजीपणे व हयगयीने..." अशी भाषा. अर्जात तसं लिहावंच लागतं. जाऊबाईंनी फोनवर मला एकच वाक्य ऐकवलं: "तुम्हाला गाडीतून बाहेर काढलं ते ह्यांनीच, बरगड्या मोडलेल्या असताना." त्याला उत्तर नव्हतं आणि नाही. सासूबाई दोन घरांच्या मध्ये पिचल्या. भाऊजी स्वतः काही बोलले नाहीत, पण आमच्याकडे यायचे थांबले. शेवटी मॅडमनीच त्यांना ऑफिसात बोलावून घेतलं, पॉलिसी समोर ठेवली आणि सांगितलं, "तुम्ही ज्या हप्त्याचे पैसे दरवर्षी भरता ते याच दिवसासाठी. तुमच्या खिशातून पैसा मागायला हा अर्ज नाहीये." भाऊजींनी पॉलिसी सगळी वाचून काढली. पुढच्या आठवड्यात साक्षीला यायला तयार झाले. जाऊबाईंचं मन वळायला निकाल लागावा लागला.

असो. आता कागदांचं.

मला विचाराल तर असा दावा कोर्टात लढला जातो हे अर्धंच खरं. तो पहिल्या काही महिन्यांत, पायाला प्लास्टर असताना, पोलीस ठाण्यात आणि दवाखान्याच्या बिलिंग काउंटरवर ठरून गेलेला असतो. न्यायाधीशांसमोर नंतर जातात ते तिथे जमलेले कागदच.

फिर्याद भाऊजींनी दिली होती, तीही बरगड्या बांधलेल्या अवस्थेत. त्यात टेम्पोच्या नंबरातला एक आकडा चुकीचा लिहिला गेला. पंचनाम्यात नंबर बरोबर, एफआयआरमध्ये वेगळा. हे असं राहिलं असतं तर विमा कंपनीने "आमची गाडी त्या अपघातात नव्हतीच" म्हणायला एक क्षण लावला नसता. पुरवणी जबाब नोंदवून दुरुस्ती झाली, पण त्यासाठी ह्यांना ठाण्यात बसून राहावं लागलं. तपास अंमलदार बंदोबस्तावर, मग रजेवर, मग कोर्टात. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याच्या टेबलावर आमच्यासारखे खूप होते.

नियम कागदावर चांगले आहेत. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे (अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणारं कोर्ट) आणि विमा कंपनीकडे पाठवायचा असतो, जखमीला त्याचे हक्क सांगणारा फॉर्म द्यायचा असतो, आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. तो अहवाल म्हणजेच अर्ज असं न्यायाधिकरण धरू शकतं. आम्हाला तो हक्कांचा फॉर्म कुणी दिला नाही. मॅडमनी पोलीस ठाण्याला लेखी अर्ज देऊन सगळ्या कागदांच्या साक्षांकित प्रती मागितल्या: एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, टेम्पोचं आरसी, पॉलिसी, चालकाचा परवाना, आरटीओचा वाहन तपासणी अहवाल, जखमांचा दाखला, आणि पुढे दोषारोपपत्र. लेखी मागितल्यावर मिळाल्या. तोंडी मागत होतो तोवर "उद्या या" होतं.

पंचनामा मी कितीदा तरी वाचला. फार कोरडा कागद असतो, पण माझ्या बाजूने सगळ्यात जास्त बोलला तो तोच. काचांचा सडा रस्त्याच्या कोणत्या बाजूला, दुभाजकाच्या मोकळ्या जागेपासून किती अंतरावर, कारच्या चाकांच्या ब्रेकच्या खुणा किती लांब, टेम्पोचं तोंड कुठे. काचा कारच्या लेनमध्ये होत्या आणि ब्रेकच्या खुणा सरळ होत्या, म्हणजे भाऊजी आपल्या लेनमध्ये होते आणि त्यांनी ब्रेक दाबला होता. माझ्या आठवणीत त्या क्षणाचा फक्त आवाज उरलाय. पंचांनी टेपने मोजलेलं तेवढं कोर्टात टिकलं.

मुदतीचं एक लक्षात ठेवण्यासारखं आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा, पण २०१९ च्या दुरुस्तीने कलम १६६ खालच्या, म्हणजे आमच्यासारख्या चूक दाखवून भरपाई मागायच्या, अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. त्याआधी बरीच वर्षं अशी मुदत नव्हती, त्यामुळे गावाकडे अजूनही "दोन-तीन वर्षांनी टाकली तरी चालते" असं ठामपणे सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नये. आमचा अर्ज मे २०२३ मध्ये दाखल झाला. अपघात सातारा जिल्ह्यात झाला तरी अर्ज सांगलीत करता आला, कारण अर्जदार राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही तो चालतो. वॉकर घेऊन तारखेला साताऱ्याला जायचं असतं तर मी निम्म्यात सोडून दिलं असतं.

कलम १६४ चाही विचार झाला होता. त्यात चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही. मृत्यू असेल तर पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख, ठरलेली रक्कम. झटपट वाटतं. पण ती स्वीकारली की १६६ चा अर्ज संपतो. आमचा दवाखान्याचा खर्चच अडीच लाखांच्या वर गेला होता, तेव्हा तो विषय तिथेच मिटला. ज्यांच्याकडे समोरच्याची चूक दाखवणारा एकही कागद नाही, त्यांना मात्र तो रस्ता बघावा लागतो.

मग आला उत्पन्नाचा प्रश्न, आणि इथे मी खरी दमले.

"महिन्याला किती मिळवता?" मॅडमनी विचारलं.

लग्नसराईत वेगळं, श्रावणात वेगळं, पितृपक्षात जवळपास काही नाही. सरासरी काढून म्हटलं, अठरा हजार. "पुरावा?" पुरावा कसला? इन्कम टॅक्स रिटर्न नाही, पावती पुस्तक नाही, दुकानाचा परवाना नाही. बायका ब्लाउज नेताना नोट हातात ठेवतात, नाहीतर "पुढच्या वेळी देते" म्हणतात. अलीकडे काही जणी फोनवरून पाठवायला लागल्या होत्या, तेवढंच.

मॅडम म्हणाल्या, "काहीतरी लिहून ठेवत असालच."

माझ्याकडे होत्या मापांच्या वह्या. लांब, आखीव, वरच्या कोपऱ्यात गिऱ्हाइकाचं नाव. खाली छाती, कंबर, शोल्डर, मुंढा, बाहीची लांबी, पुढचा गळा, मागचा गळा. बाजूला तारीख कधी द्यायची ती, अस्तर आहे का नाही, आणि शिलाई किती ठरली ते. पैसे मिळाले की त्या आकड्यावर तिरकी रेघ. अपघाताच्या आधीच्या काही वर्षांच्या वह्या माळ्यावर होत्या, कारण जुनं माप लागतं. काही पानांवर कापडाचा तुकडा टाचलेला होता, एका पानावर हळदीचा डाग.

त्या वह्या घेऊन आम्ही बसलो. रेघ मारलेले आकडे महिन्यावार बेरजा करून एक तक्ता केला. दोरे, अस्तर, हुक जिथून घ्यायचे त्या दुकानदाराने त्याच्या खात्यातली माझी पानं काढून दिली, बँकेचा उतारा जोडला, आणि शेजारच्या शाळेतल्या एक बाई साक्षीला आल्या. अंगावरचा ब्लाउज माझ्याच हातचा होता, ते त्यांनी कोर्टात सांगितलंही, कुणी न विचारता.

विमा कंपनीचं म्हणणं असं की ही वही हिशेबाची नाही, मापांची आहे. त्यांच्या वकिलांनी ती दोन बोटांत धरून उलटसुलट केली. पण तारखा ओळीने होत्या, शाई वेगवेगळी होती, मधली मधली पानं फाटलेली होती. दाव्यासाठी बसून लिहिलेली वही अशी दिसत नाही. वहीला निशाणी क्रमांक पडला, म्हणजे पुरावा म्हणून तिची नोंद झाली, तेव्हा मला बरं वाटलं. ती परत मिळायला मात्र निकालानंतर वेगळा अर्ज करावा लागला. त्या काळात जुन्या गिऱ्हाइकांची मापं मी नव्याने घेत होते.

उत्पन्नाइतकाच घोळ टक्क्यांचा. अपंगत्वाच्या दाखल्यावर आलं: उजव्या पायाचं कायमचं अपंगत्व २८ टक्के. मला वाटलं, झालं, २८ टक्के. तसं नसतं. एका अवयवाचं अपंगत्व, सगळ्या शरीराचं अपंगत्व आणि कमाईच्या ताकदीत पडलेली घट या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० सालच्या निकालात ते उलगडून सांगितलंय: न्यायाधिकरणाने बघायचं ते हे की हा माणूस आधी काय करत होता, आणि आता त्यातलं काय करू शकतो. बोट गेलं तर गायकाचं फारसं अडत नाही, तबलावाल्याचं सगळंच जातं.

माझं असं होतं. पायडल मारता येत नाही. मोटर बसवली तरी तिचाही पायडल पायानेच दाबायचा, तो मी डाव्या पायाने शिकले, वेळ लागला. पण कटिंग? मी जमिनीवर चटई टाकून, उकिडवं बसून कापड बेतत आले आहे. घोटा वळत नाही म्हणजे उकिडवं बसता येत नाही. टेबलावर उभं राहून कापायचं तर थोड्या वेळात पाय सुजतो. हे सगळं डॉक्टरांना कोर्टात येऊन सांगावं लागलं. नुसता दाखला पुरत नाही, तो देणाऱ्याने शपथेवर सांगावं लागतं आणि त्याची उलटतपासणी होते. डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकले, तारीख गेली. पुढच्या वेळी आले तर न्यायाधीश रजेवर. डॉक्टरांच्या साक्षीसाठी जेवढ्या तारखा गेल्या तेवढ्या बाकी कशासाठीच गेल्या नाहीत.

मध्येच एक दिवस विमा कंपनीचा तपासनीस घरी आला. गोड बोलला, पाणी प्यायला, मशीन बघितलं, "ताई, जरा दारात उभ्या राहता का, फोटो लागतो" म्हणाला. मी उभी राहिले. तो फोटो मला परत दिसला तो थेट उलटतपासाच्या वेळी.

माझा सरतपास, म्हणजे माझी स्वतःची साक्ष, शपथपत्रावरच होता, त्यामुळे बोलायचं होतं ते उलटतपासातच. त्यांचे वकील वयस्कर, आवाज चढवणारे नव्हते.

"तुम्ही आज कोर्टात पायऱ्या चढून आलात?"

"हो."

"आधाराशिवाय?"

"काठी होती."

"या फोटोत काठी दिसत नाही."

"दाराची चौकट धरलीय. दुसरा हात बघा."

त्यांनी फोटो परत बघितला. मग विषय बदलला. अपघातानंतर शिवणकाम सुरू आहे का? आहे. म्हणजे उत्पन्न बंद नाही? बंद नाही, कमी झालंय. किती कमी? मी म्हटलं, पूर्वी दिवसाला जेवढे ब्लाउज उतरायचे त्याच्या निम्मेही उतरत नाहीत, आणि कटिंगसाठी आता एका मुलीला पैसे द्यावे लागतात. "त्या मुलीची पावती आहे?" नाही.

हे सगळं लघुलेखक जसं टंकतात ते वाचायला वेगळंच लागतं. मी "हो" आणि "नाही" म्हणत गेले आणि कागदावर आलं: "हे खरे आहे की, मी आजही शिवणकाम करते. हे म्हणणे खरे नाही की, माझ्या उत्पन्नात कोणतीही घट झालेली नाही. हे म्हणणे खरे नाही की, जादा नुकसानभरपाई मिळण्यासाठी मी खोटी साक्ष देत आहे." शेवटचं वाक्य वाचून मी चपापले. मॅडम म्हणाल्या, ते प्रत्येकाला विचारतात, मनाला लावून घेऊ नका. सही करण्याआधी जबाब वाचून बघायचा हक्क असतो, तो जरूर वापरावा. माझ्या जबाबात "निम्मेही नाहीत" याचं "निम्मे" झालं होतं. लगेच दुरुस्त करून घेतलं.

टेम्पोच्या कंपनीचा मोठा बचाव परवान्याचा होता. चालकाकडे हलक्या मोटार वाहनाचा परवाना होता, वाहतुकीच्या गाडीसाठी वेगळी नोंद नव्हती. म्हणून पॉलिसीची अट मोडली, म्हणून आम्ही जबाबदार नाही, असं. असे बचाव मान्य झाले तरी बऱ्याचदा "आधी अर्जदाराला द्या, मग मालकाकडून वसूल करा" असा आदेश होतो, त्यामुळे जखमी माणूस अगदीच वाऱ्यावर पडत नाही. आमच्या बाबतीत तेवढीही वेळ आली नाही. दावा चालू असतानाच, ६ नोव्हेंबर २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला की एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असेल तर हलक्या वाहनाच्या परवान्यावर मालवाहू गाडीही चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही. टेम्पोच्या आरसीवर वजन त्याच्या आत होतं. मॅडमनी निकालाची प्रत आणि आरसी शेजारी शेजारी ठेवली. युक्तिवाद संपला.

त्यानंतर कंपनी लोकअदालतीत बोलायला आली. सात लाख. अधिकाऱ्याने आकडा चिठ्ठीवर लिहून सरकवला. ह्यांची तयारी होती, मी खोटं कशाला सांगू. घरातलं कर्ज होतं, तारखांचा कंटाळा आला होता, आणि सात लाख एकरकमी म्हणजे काय ते आमच्यासारख्यांना कळतं. लोकअदालतीत तडजोड झाली की तिच्यावर अपील नाही. पैसे लवकर मिळतात, पण दारही कायमचं बंद होतं. मी मॅडमना एवढंच विचारलं, "यात प्लेट काढायच्या ऑपरेशनचं धरलंय का?" नव्हतं धरलेलं. व्याजाचंही काही नव्हतं. आम्ही नाही म्हटलं. दुसऱ्या कुणी हो म्हटलं असतं तर मी त्याला नावं ठेवणार नाही. आजारी माणसाला वाट बघणं परवडतंच असं नाही.

निकाल २०२५ मध्ये लागला.

चूक पूर्णपणे टेम्पोचालकाची. पंचनाम्याचा उल्लेख त्यात दोन परिच्छेदभर आहे. जाबदार ३ आणि ४ विरुद्धचा अर्ज नामंजूर. भाऊजींनी त्या ओळीखाली लाल पेनाने रेघ मारून तिचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. जाऊबाईंनी त्यावर हात जोडलेलं चित्र पाठवलं, आणि दिवाळीला दोघंही जेवायला आले.

आकड्यांचं सांगते, कारण मला कुणी आधी सांगितलं असतं तर झोप लागली असती. शिवणाचं उत्पन्न मी १८,००० म्हटलं होतं, न्यायाधिकरणाने ९,००० धरलं. पण घरकामाचेही ३,००० धरले. बाई घरात करते ते काम बिनमोलाचं नाही, त्याला पैशात किंमत आहे, असं सर्वोच्च न्यायालय वेळोवेळी म्हणत आलंय, त्याचा हा फायदा. एकूण १२,०००. माझं वय अपघाताच्या वेळी ३८, पुरावा शाळा सोडल्याचा दाखला. चाळिशीच्या आत आणि स्वतःचा धंदा, म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवले: १६,८००. वर्षाचे २,०१,६००. छत्तीस ते चाळीस वयाला गुणक १५, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाला १५ ने गुणायचं, ते झाले ३०,२४,०००. दाखल्यावर २८ टक्के असले तरी माझं काम बघून कमाईतली घट ३० टक्के धरली, ते झाले ९,०७,२००. हे गुणक आणि वाढीचे टक्के सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांतून आलेले आहेत. वकिलाने तोंडी आकडा सांगितला तर त्याच्याकडून एवढी मांडणी कागदावर करून घ्यावी, कोणालाही समजते.

दवाखान्याचे २,८६,४०० मिळाले. चिठ्ठीशिवायची औषधांची बिलं आणि नाव नसलेली बिलं वगळली गेली. मेडिकलवाल्याकडे नाव लिहून घ्यायला अर्धा मिनिट लागतो, पण रात्री दोन वाजता इंजेक्शन आणायला पळालेल्या माणसाला ते सुचत नाही, आणि कायद्याला ते माहीत नसतं. आठ महिन्यांच्या बुडालेल्या कमाईचे ९६,०००, वेदना आणि यातनांचे एक लाख, सोबतीला माणूस, आहार आणि प्रवासाचे साठ हजार, आयुष्यातल्या गमावलेल्या सुखाचे पन्नास हजार, प्लेट काढायच्या ऑपरेशनचे पन्नास हजार. सगळे मिळून १५,४९,६००. त्यावर अर्जाच्या तारखेपासून साडेसात टक्के व्याज. ऑपरेशनच्या पन्नास हजारांवर मात्र व्याज नाही, कारण तो खर्च अजून झालेला नाही.

कंपनी अपिलात जाईल की काय ही धाकधूक होती. उच्च न्यायालयात जायला त्यांना ९० दिवस असतात. गेली नाही, रक्कम न्यायाधिकरणात जमा केली.

आणि तरीही पैसे हातात आले नाहीत. निम्मी रक्कम खात्यावर, निम्मी राष्ट्रीयीकृत बँकेत पाच वर्षांच्या मुदत ठेवीत, न्यायाधिकरणाच्या परवानगीशिवाय मोडता येणार नाही अशी नोंद घालून. अडाणी माणसाचे पैसे भलत्याच्या घशात जाऊ नयेत म्हणून ही पद्धत आहे, कारण तसं होत आलंय. मला तेव्हा रागच आला होता. कॉटपाशी येऊन बसलेला तो चार पेनांचा माणूस आठवला आणि राग थोडा उतरला. तिमाही व्याज खात्यावर जमा होतं, त्यात कटिंगवाल्या मुलीचा पगार निघतो. तिच्याकडून आता मी दर महिन्याला पावतीवर सही घेते.

खात्यावर आलेले बहुतेक कर्जात गेले. डॉक्टर म्हणतात, प्लेट या हिवाळ्यात काढू, आणि त्यांनी दिलेला अंदाज पन्नास हजारांच्या बराच वर आहे. म्हणून ठेवीतली काही रक्कम मुदतीआधी मिळावी असा अर्ज मॅडमनी दिलाय, सोबत डॉक्टरांचं अंदाजपत्रक जोडलंय. त्यावर बँकेचं म्हणणं मागवलंय, पुढची तारीख पंधरवड्यानंतरची आहे.